केबल पुरण्याचे यंत्र निवडताना



2011 साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची केबल नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच आज भारतनेट म्हणतात. पुष्कळ गावांत ही केबल पंचायतीच्या कचेरीपर्यंत पोचली आहे. पण शाळा असते वाडीत आणि दवाखाना ओढ्यापलीकडे. तेथवर केबल जमिनीतून न्यायची, तर चर खोदला पाहिजे. हे काम कसे करावे ते आज पाहू.

या केबलच्या पोटात केसासारखी बारीक काचेची तार असते. त्या काचेतून उजेड धावतो. त्या उजेडावाटे आपला निरोप जातो. काचेची तार एकदम वाकवली तर मोडते. म्हणून चराचा तळ सपाट हवा आणि वळण गोल हवे.

चर माणसे खोदतात, तसे यंत्रही खोदते. लहान यंत्राला ट्रेंचर म्हणतात. त्याला सायकलसारखी पण जाड साखळी असते. साखळीवर दाते असतात. साखळी फिरली की दाते माती उकरून बाजूला टाकतात. एक माणूस ते चालवतो.

आता थोडा हिशोब करू. चर 600 फूट लांब आणि दीड फूट खोल आहे. कुदळीने खोदायचा तर रुंदी 1 फूट तरी लागते. म्हणजे 900 घनफूट माती काढावी लागेल. यंत्राचा चर 4 इंच रुंद असतो. म्हणजे माती 300 घनफूटच. काम एक तृतीयांश झाले.

कोणी म्हणेल, “मग काय, मशीनच आणा की!” थांबा. आधी जमिनीला विचारा. दोन-तीन ठिकाणी पहारीने खड्डा घेऊन पाहा.

काळी माती असेल तर वाफसा पाहून काम काढावे. ओली चिकण माती साखळीला लपेटते आणि यंत्र अडते. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते. मुरूम असेल तर साधे दाते झिजतात. तेथे कठीण धातूची टोके बसवलेले दाते मागावेत. मोठे गोटे किंवा काळा पाषाण लागला, तर लहान यंत्र उपयोगाचे नाही. तेथे पहार, नाहीतर दगड फोडायचे यंत्र लागते. किंवा वाट बदलावी.

मग खोली ठरवा. केबल देणाऱ्याला ती विचारून घ्या. अंगणातून दीड फूट बहुधा पुरते. शेतात नांगराचा फाळ लागतो. म्हणून केबल बांधाच्या कडेने न्यावी, आणि शेत ओलांडायचेच असेल तर जास्त खोल पुरावी. जेवढी खोली हवी, तेवढे खोल जाणारेच यंत्र निवडावे. भारतनेटची मुख्य केबल साध्या जमिनीत 5 फुटांहून खोल घालतात. ते काम लहान यंत्राचे नव्हे.

शेवटी लांबी पाहा. पन्नास-साठ फुटांसाठी यंत्र कशाला? गावातलीच दोन माणसे ते काम करतील. त्यांना रोजगारही मिळेल. काम लांब असेल तर यंत्र भाड्याने आणावे. एका कामासाठी ते विकत घेऊ नये. भाड्यात चालक, डिझेल आणि वाहतूक धरली आहे का, ते विचारावे. उत्तर लिहून घ्यावे.

खोदण्याआधी एक गोष्ट विसरू नका. जमिनीखाली काय आहे? नळाचा पाइप फुटला तर वाडीचे पाणी बंद पडते. विजेची तार तुटली तर जीव जातो. म्हणून पाणीपुरवठ्याच्या माणसाला आणि वायरमनला बोलावून खुणा करून घ्या. खोदणाऱ्यांसाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे सरकारी ॲपही 2023 साली सुरू झाले. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याची लेखी परवानगी घ्या.

यंत्र चालू असताना धोतर, पदर, पोरेबाळे सारे दूर ठेवा. साखळीत दगड अडकला तर इंजिन बंद करूनच काढा.

केबल प्लॅस्टिकच्या नळीतून घाला. तिच्यावर आधी मऊ माती टाका. निम्म्यावर इशाऱ्याची पट्टी अंथरा. पुढे कोणी खोदले तर पट्टी आधी दिसेल. मग वर माती टाकून धुम्मसाने ठोका. वर थोडा उंचवटा ठेवा, पावसात माती खचते.

आणि सही करण्याआधी कागद वाचा. त्यात चराची लांबी आणि खोली आकड्यांत आहे का? असेल तर काठीवर खूण करून बुजवण्याआधी चर मोजा. दीड फूट लिहिले आणि एक वीतच खोदले, तर पैसा गावाचा जातो आणि केबल पहिल्याच नांगराला तुटते. तुम्ही अक्षर शिकलात, आकडे शिकलात, ते अशाच वेळी कामी येतात.

प्रश्न :
1. काळ्या मातीत चर केव्हा खोदावा?
2. चर 300 फूट लांब, 2 फूट खोल, 1 फूट रुंद आहे. माती किती घनफूट निघेल?
3. तुमच्या गावात जमिनीखाली काय काय आहे? यादी लिहा.