बिनशेपटीचें खोदयंत्र : गुण व दोष

विहीर, चर, बांध, शेततळें इत्यादि कामांसाठीं भाड्यानें खोदयंत्र आणणें आतां शेतकरीवर्गास नवें राहिलेलें नाहीं. आपल्याकडे अशा कोणत्याहि यंत्रास पोकलेन म्हणतात. वस्तुतः तें एका फ्रेंच कारखान्याच्या नांवावरून रूढ झालें आहे. परंतु या यंत्रांत निरनिराळ्या जाती आहेत. कामास अनुरूप जात न निवडल्यास भाड्याचे पैसे वायां जातात, व प्रसंगीं मनुष्यहानिहि होते. म्हणून त्यांतील एक महत्त्वाचा भेद येथें सांगण्याचें योजिलें आहे.

खोदयंत्राचा वरचा भाग चालकासह खालच्या साखळीपट्ट्यांवर चोहोंकडे फिरतो. पुढील हात व बकेट यांचा भार तोलण्यासाठीं मागें इंजिन व एक जड ठोकळा असतो. हीच यंत्राची शेपटी. समजा, यंत्राची रुंदी २ मीटर आहे व फिरण्याच्या मध्यापासून शेपटीचें टोंक १.६ मीटरवर आहे. तर वरचा भाग आडवा वळतांच शेपटी पट्ट्याबाहेर ०.६ मीटर येते. दुसऱ्या जातींत मागील बाजू आखूड व गोलाकार करून ती पट्ट्यांच्या रुंदीच्या आंतच फिरेल अशी योजना असते. तिला इंग्रजींत झीरो टेल स्विंग म्हणतात. जपानच्या यान्मार कारखान्यानें या रचनेचें लहान यंत्र १९९३ मध्यें बाजारांत आणलें.

या रचनेचा मुख्य गुण अडचणीच्या जागीं दिसून येतो. गोठ्याच्या भिंतीलगत, फळझाडांच्या ओळींत किंवा कुंपणाच्या कडेनें नळाची चर खणावयाची असतां, चालकास मागील टोंकाची चिंता न करितां पुढील कामाकडे लक्ष देतां येतें. झाडाची साल सोलवटणें, भिंतीस धक्का बसणें, असले प्रकार कमी होतात.

आतां दोष पाहूं. पहारीनें धोंडा उचकटतांना दांडा लांब धरला तर थोड्या जोरानें काम होतें, आखूड धरला तर जोर अधिक लागतो. येथेंहि तोच न्याय आहे. मध्यापासून १.५ मीटरवरील ६०० किलोचा ठोकळा जो तोल सांभाळतो, तोच १ मीटरवर सांभाळण्यास ९०० किलो लागतात. त्यामुळें बिनशेपटीचें यंत्र त्याच वर्गांतील साध्या यंत्रापेक्षां बहुधा जड असतें, किंवा मोठा भार उचलून आडवें वळतांना त्याचा तोल लवकर जातो. जड यंत्रानें ओली काळी जमीन अधिक दबते, हेंहि ध्यानांत ठेवावें. शिवाय थोड्या जागेंत इंजिन व तेलाच्या नळ्या दाटीनें बसविलेल्या असल्यानें दुरुस्तीस हात पोंचणें कठीण जातें. आणि किंमतहि बहुधा अधिक पडते.

यावरून निवडीचा नियम सोपा आहे. काम सुरू करण्यापूर्वीं टेपानें जागा मोजावी. दोन्ही बाजूंस पुरेशी मोकळीक असेल, तर शेततळें, खोल चर, दगड उचलणें यांसाठीं साधें यंत्रच बरें. जागा अरुंद असेल तेथेंच बिनशेपटीच्या यंत्राचें अधिक भाडें सार्थकीं लागतें.

शेवटीं एक इशारा. बिनशेपटीचें म्हणजे निर्धोक, असा समज घातक आहे. शेपटी आंत राहिली तरी पुढील हात व बकेट हीं बाहेर फिरतातच. भिंत व साध्या यंत्राची शेपटी यांत माणूस सांपडून चिरडण्याचा धोका मोठा. म्हणून ब्रिटनमधील सुरक्षाविषयक सूचनांत किमान अर्धा मीटर मोकळी जागा सांगितली आहे. तीहि उभें राहण्यासाठीं नव्हे. यंत्र कोणतेंहि असो, त्याच्या फेऱ्यांत मुलेंमाणसें व गुरें येऊं देऊं नयेत. विहिरीच्या किंवा चरीच्या कांठावर पट्टे कांठास समांतर न ठेवतां काटकोनांत ठेवावे, म्हणजे माती ढासळूं लागतांच चालकास सरळ मागें हटतां येतें. पहिला तास मोजणी व आंखणी यांत गेला तरी तो फुकट गेला असें शेतकरी बंधूंनीं मानूं नये.