भोगवटादार वर्ग २: शेतजमीन खरेदीतील अनुभव आणि दक्षता

महाराष्ट्रातील शेतजमिनीची मालकी ही कधीच एकसारखी नव्हती आणि आजही नाही. जमीन कोणाकडून, कोणत्या कायद्याने व कोणत्या शर्तीवर आली, यावर ती विकण्याचा अधिकार अवलंबून असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार ज्याला जमीन हस्तांतरित करण्यास निर्बंध नाही तो भोगवटादार वर्ग १, आणि ज्याच्या हस्तांतरणाच्या हक्कावर निर्बंध आहे तो भोगवटादार वर्ग २ होय. हा भेद सातबाऱ्यावर भूधारणा पद्धती या शीर्षाखाली नोंदलेला असतो. पण खरेदीदाराची नजर नाव, क्षेत्र आणि बोजा यांपलीकडे सहसा जात नाही.

या निर्बंधाचे एक मोठे मूळ कुळकायद्यात आहे. १९४८ च्या या कायद्याने पश्चिम महाराष्ट्र व कोकणात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि त्या दिवशी जमीन कसणारी पात्र कुळे कायद्यानेच खरेदीदार मानली गेली. कलम ३२ ग खाली किंमत ठरली व ती भरल्यावर कलम ३२ म चे प्रमाणपत्र मिळाले. मात्र ही जमीन पुन्हा सावकाराच्या हाती जाऊ नये म्हणून कलम ४३ ने पूर्वपरवानगीशिवाय तिचे हस्तांतरण रोखले. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने ठरवलेला एक व्यवहार याच कलमावर अडला. इसार दिल्यानंतर इतर हक्काच्या रकान्यातील ‘कलम ४३ ला पात्र’ हा शेरा लक्षात आला आणि त्यामागचा मूळ आदेश मिळवण्यात इसारपावतीची मुदत संपून गेली.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर अशा खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास परवानगीऐवजी आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून विक्री करता येते. तरी खरेदीदार शेतकरी असणे आवश्यक राहते आणि तुकडेबंदी व कमाल जमीनधारणा यांचे कायदेही लागू राहतात. ही सवलत सर्व वर्ग २ जमिनींना आहे, असा समज मात्र घातक ठरतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यावर महसूल अधिनियमाच्या कलम ३६ अ चे स्वतंत्र निर्बंध आहेत, वतन खालसा होऊन नवीन शर्तीवर परत दिलेल्या जमिनीचे नियम निराळे आहेत, आणि देवस्थान इनामात तर धारक देव असल्यामुळे पुजाऱ्याची वहिवाट कितीही जुनी असली तरी त्याला विक्रीचा हक्क मिळत नाही.

म्हणून इसार देण्यापूर्वी सातबाऱ्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांकाचा उतारा काढून, जमीन विकणाऱ्याच्या घराण्यात प्रथम आली त्या नोंदीपर्यंत मागे जावे. जुने फेरफार मोडीत असल्यास ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. फेरफारात ज्या आदेशाचा उल्लेख आहे त्याची नक्कल तहसील कार्यालयातून मिळवावी, कारण शर्त नोंदीत त्रोटक आणि आदेशात सविस्तर असते. सातबाऱ्यावरील नोंद महसूल अधिनियमाच्या कलम १५७ नुसार विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती स्वतः मालकी निर्माण करत नाही. त्यामुळे केवळ वर्ग १ असे लिहिलेले पाहूनही थांबू नये, तर वर्ग २ चा वर्ग १ कोणत्या आदेशाने झाला हे तपासावे. परवानगी किंवा नजराणा बाकी असेल, तर ती जबाबदारी कोणाची, किती मुदतीत, आणि ती पार न पडल्यास इसार परत कसा मिळणार, हे साठेखतातच लिहून घ्यावे.