पाचवे शील आणि ए.ए.ची मीटिंग



पंचशील ग्रहण करताना पाचव्या शीलात आपण मद्यापासून अलिप्त राहण्याचा संकल्प करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. शील घ्यायला एक मिनिट पुरते. ज्याला व्यसन जडले आहे त्याला मात्र ते एकट्याने पाळणे फार कठीण जाते, हे आपण आपल्या वस्त्यांतून पाहतो. त्याला साथ कोठे मिळेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली 'ऑपरेशन परिवर्तन' ही मोहीम हाती घेतली. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या रोजगाराकडे वळविण्याचा तो प्रयत्न होता. नुसत्या धाडींनी भागत नाही, माणसाच्या हाताला दुसरे काम द्यावे लागते, हे त्यामागचे सूत्र. पिणाऱ्यालाही तेच सूत्र लागू पडते. त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, तर संध्याकाळी सात वाजता त्याने जायचे कोठे?

याचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात सापडले. दारूने उद्ध्वस्त झालेले एक शेअर दलाल व एक डॉक्टर एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे ए.ए. ही संघटना उभी राहिली. १९५७ पासून ती मुंबईत आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मधूनही असंख्य माणसे व्यसनातून बाहेर पडली.

मीटिंगमध्ये काय चालते? शाळेच्या वर्गात किंवा अशाच एखाद्या साध्या खोलीत तासदीड तास माणसे बसतात. पहिले नाव तेवढे सांगायचे. जात, पगार, हुद्दा कोणी विचारत नाही. एकजण स्वतःचा अनुभव सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. नवख्याने पहिल्या दिवशी गप्प बसले तरी चालते. फी नाही, खर्चासाठी सभासदच यथाशक्ती पैसे टाकतात. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही. 'आज प्यायची नाही' एवढेच ठरवायचे. आम्ही बँकेत नोकरी करतो. पिग्मीचे खाते रोजच्या दहा-वीस रुपयांनीच फुगत जाते. हेही तसेच आहे. मध्ये एखादा हप्ता चुकला, पाय घसरला, तरी खाते बंद होत नाही. तो माणूस पुन्हा आला की त्याचे स्वागतच होते.

काही बांधव विचारतील, ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, मग बौद्धाने तेथे कसे जावे? शंका रास्त आहे. परंतु तेथे ईश्वराचा अर्थ ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा असतो. अनेक निरीश्वरवादी सभासद त्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. आपल्याला ही कल्पना परकी नाही. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, असे आनंद म्हणाला, तेव्हा ते अर्धे नसून संपूर्ण आहे, असे तथागतांनी त्याला समजावले. उपोसथाच्या दिवशी भिक्खू एकत्र येऊन आपले दोष उघड करीत. दोष सांगणाऱ्याला संघ जवळ ठेवतो, हा त्यातला धडा आहे.

मीटिंग शोधावी कशी? ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर चौकशीची सोय आहे. केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही विचारावे. वार व वेळ बदलत असते, म्हणून आधी खात्री करून निघावे. एक मीटिंग आवडली नाही तर दुसरीकडे जावे. एका भेटीवरून निर्णय घेऊ नये.

एक इशारा महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडल्यास पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय कापणे, फिट येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. औषध व मीटिंग बरोबरीने चालू शकतात. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास तपासले. ए.ए. व तिच्याकडे नेणारे उपचार अखंड दारूमुक्त राहण्यास इतर उपचारांपेक्षा बऱ्याचदा अधिक उपयोगी ठरतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

घरच्यांचे काय? विड्या वळून घर चालविणारी पत्नी, वडिलांच्या आवाजाच्या धाकाने पुस्तक मिटणारा विद्यार्थी, यांनाही आधार लागतो. त्यांच्यासाठी १९५१ पासून 'अल्-अ‍ॅनॉन' ही वेगळी संघटना आहे. मुलांनो, वडिलांचे पिणे हा तुमचा दोष नव्हे, आणि ते थांबविणे ही एकट्या तुमची जबाबदारीही नव्हे.

शेवटी सभासदांना एक विनंती. पिणाऱ्या बांधवाला विहाराच्या दारातून हाकलू नका. तो शुद्धीवर असताना त्याच्याशी बोला आणि पहिल्या मीटिंगला त्याच्याबरोबर चालत जा. बंद मीटिंग असेल तर बाहेर थांबा. आपल्या सभागृहाची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा गटाला देता येईल का, याचाही कार्यकारिणीने विचार करावा. ए.ए. कोणत्याही संस्थेशी स्वतःला जोडून घेत नाही आणि जागेचे भाडे स्वतः देते. आपण फक्त दार उघडायचे आहे.

जय भीम!