सबमिशन संपलं, आता ऐक

बाय, सबमिशन झालं, ज्युरी आटोपली, म्हणजे तुझं निम्मं मन आत्ताच सावंतवाडीला पोचलं असणार. उरलेल्या निम्म्याने आत्याचं ऐक. यातलं माझ्या पदरचं थोडंच. बरंचसं आमच्या ड्रॉइंगच्या गुरुजींचं. त्यांनी ते जे.जे.त असताना कुणाकडून उचललं होतं, आणि मी ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले.

बॅग भरण्याआधी खोली बघ. ब्रश पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून किंवा पिशवीत कोंबून निघायचं नाही. लिनसीड तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून सुकतं, आणि सुकताना तापतं. चिंधी तारेवर मोकळी टाकली तर ती ऊब वाऱ्यावर जाते. गोळ्यात मात्र साठत राहते, आणि काडी न लावता चिंध्या पेट घेतात. बंद खोलीत हा खेळ नको. एकेक उलगडून बाहेर वाळव, कडक झाल्या की टाकून दे. तेवढा वेळ नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लाव.

ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभे ठेवून गेलीस तर परत येशील तेव्हा केसांना मुरड पडलेली असेल, ती मग जात नाही. भांड्यांचा साबण चालतो. तळहातावर घास, फेस पांढरा येईपर्यंत. मग बोटांनी टोक जुळव आणि आडवे ठेवून वाळू दे. सेबलच्या ब्रशांबरोबर डब्यात डांबरगोळी टाक, त्या केसांवर कसर टपलेलीच असते.

आता घरी काय आणायचं ते. सगळं आणून दाखवायचा मोह होतो. आवर तो. तेलरंगातलं शेवटच्या दिवसांतलं काम तर मुळीच आणू नको. बोटाला रंग लागत नाही म्हणजे चित्र सुकलं असं नसतं. अंबरमध्ये मँगनीज असतं म्हणून तो लवकर आवळतो. टायटॅनियम व्हाइट, आयव्हरी ब्लॅक मागे रेंगाळतात, आणि जाड थर आतून महिनोन् महिने ओला राहतो. असं चित्र तिथेच राहू दे, फक्त ओल आलेल्या भिंतीला टेकवू नको. जे पूर्ण सुकलंय ते स्ट्रेचरवरून काढून गुंडाळायचं असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेव. बहुतेक मुलं जपायचं म्हणून रंग आत घेतात. आत घेतला की थर दबून सुरकुततो. बाहेर राहिला तर किंचित ताणतो आणि उलगडल्यावर परत बसतो. प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घे, त्यावर गुंडाळ. कापडदुकानातली पुठ्ठ्याची नळी बारीक पडते. अ‍ॅक्रिलिकची चित्रं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून कधीच नाही, उकाड्यात ती चिकटतात.

चारकोलच्या कामावर फिक्सेटिव्ह निघण्याआधीच मार. गुरुजी साय काढलेलं दूध तोंडाच्या फुंकणीने फवारायचे, जुने युरोपीय चित्रकारही तेच करत. आपल्या कोकणच्या दमट हवेत मात्र ते बुरशीला आमंत्रण आहे; गुरुजींचं असलं तरी हे एक सोडून दे.

टर्पेंटाइनची बाटली आणि स्प्रेचा कॅन रेल्वेत घ्यायचा नाही. पेट घेणारा माल डब्यातून नेणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि दिवाळीच्या गर्दीत तर ते अक्षम्यच. जलरंगाची छोटी पेटी, दोन ब्रश, पेन्सिली आणि क्वार्टर इंपीरियलचं पॅड एवढं पुष्कळ झालं. आणि तुतारीचं तिकीट असेल तर तारीख दोनदा बघ. ती दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, त्यामुळे तिकिटावरच्या तारखेच्या आदल्या रात्रीच फलाटावर असायला हवं. दरवर्षी कुणीतरी हमखास चुकतं. गाडीत वाचायला धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ घे. 1890 ते 1931 इतका काळ त्यांनी जे.जे.त काढला. तुम्ही ज्या जिन्यांवरून खाली-वर करता त्यांची गोष्ट माहीत असावी.

घरी पोचल्यावर पहिले दोन दिवस जेव आणि झोप. नखांत अडकलेला तेलरंग टर्पेंटाइनने खरवडू नको, खोबरेल चोळ आणि मग साबण लाव. कॅडमियमची लाली घेऊन फराळाच्या ताटावर बसायचं नसतं. ओटीवर येणारं प्रत्येक जण विचारणार, ‘थंय काय शिकवतत गो?’ लांब उत्तर देऊ नको, फाइल उघड. लाइफ क्लासची ड्रॉइंग्ज लपवायची गरज नाही, पण ती सगळ्यांत वरही ठेवू नको. आजीला आधी हातापायांचे अभ्यास बघू देत. तिचा डोळा तिखट आहे. अंगठा चुकला असेल तर ती सरांच्या आधी सांगेल.

‘माझं चित्र काढ’ म्हणून जो ताठ बसतो त्याचं चित्र सहसा मेलेलं होतं. कामातला माणूस धर. नारळ खवणारी आई दर दोन क्षणांनी त्याच ठेवणीवर परत येते, म्हणून एकाच कागदावर तीन-चार अवस्था मांड आणि ती जिथे परतेल तिथे पुढची रेघ ओढ. भातकापणी चालू असेल तर मळ्यात जा. कमरेत वाकलेल्या पाठींचा इतका मोठा वर्ग कुठल्याही कॉलेजात भरत नाही. आंब्याच्या झाडाला ट्यूबमधला तयार हिरवा लावू नको. पिवळ्यात काळ्याचा थेंब टाकून बघ, आंब्याचा तो मळकट हिरवा तिथे सापडतो. जांभ्याची भिंत सरसकट बर्न्ट सिएनाने भरू नको. सुकी आणि भिजलेली भिंत शेजारी ठेवून बघ, भिजलेलीत जांभळा शिरलेला दिसेल.

नरकासुराचं तोंड रंगवायला वाडीतली पोरं तुलाच बोलावतील. नाही म्हणू नको, पण स्वतःच्या ट्यूब नेऊ नको. चतुर्दशीच्या पहाटे ते सगळं जळणार आहे. पांढरा डिस्टेंपर आणि हार्डवेअरच्या दुकानातले स्टेनर पुरतात. रस्त्याच्या पलीकडून, दिव्याच्या उजेडात दिसलं पाहिजे. तेव्हा बारीक छायाप्रकाश विसर, भुवया जाड कर, आणि डोळे सगळ्यांत शेवटी काढ. फाउंडेशनच्या वर्षात शिकवलेलं संयोजन इथे जितकं पटकन कळतं तितकं वर्गात कळत नाही.

एक सकाळ राजवाड्यात जा. गंजिफा रंगवणाऱ्यांच्या शेजारी बस. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पानं. रेषा बघच, पण जमीन कशी तयार करतात ते आवर्जून विचार. कापडावर चिंचोक्याची खळ चढवायची ही जुनी रीत. तुम्ही जेसो म्हणून बाटलीतून ओतता, त्याचंच हे घरचं भावंड. दुसरी सकाळ कुडाळजवळच्या पिंगुळीला दे. 2021 मध्ये पद्मश्री मिळालेल्या परशुराम गंगावणे यांच्या घरच्या गोठ्यातच चित्रकथीचं संग्रहालय उभं राहिलंय. फोटो मागाहून काढ, आधी एक पोथी हाताने उतरवून घे. परवानगी मात्र विचार, आणि बाहुल्यांचा खेळ झाला तर ताटलीत पैसे टाकायला लाजू नको.

निघताना आई लाडवांचा डबा देईलच. तो पोर्टफोलिओच्या बॅगेत ठेवू नको. तूप कागदात उतरलं की कुठल्याच खोडरबराने जात नाही.