आधी पिशवी टेबलावर ओता
अंबरनाथ-बदलापूरच्या वृद्धाश्रमांत तपासायला जातो तेव्हा मी नाडी बघण्याआधी औषधांची पिशवी मागतो. परवा एका आजोबांच्या पिशवीतून टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या दोन पट्ट्या निघाल्या, दोन कंपन्यांच्या, दोन नावांच्या. एक उल्हासनगरच्या डॉक्टरांची, दुसरी मुंबईत डिस्चार्जच्या वेळी लिहिलेली. मावशी दोन्ही इमानेइतबारे देत होत्या. उठून उभं राहिलं की आजोबांना गरगरायचं, आणि सगळे म्हणायचे, वय झालं.

मुलामुलींनो, नुसती पिशवी सोपवून लोकल पकडू नका. औषधातल्या घटकाचं नाव, मात्रा, वेळ आणि ते कशासाठी, एवढं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्या. चिठ्ठी बदलली की जुना कागद फाडा. मेडिकलवाल्याने पट्टी कापली तर नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या.

मावशींनो, वाटीवर खाटेचा नंबर नको, पूर्ण नाव हवं, खाटा बदलतात. गोळी गिळून होईपर्यंत तिथंच थांबा, तक्त्यावर खूण त्यानंतरच. एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी खलबत्त्यात कुटू नका, दिवसभर पुरायचं औषध एकदम अंगात उतरतं. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. ते चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेततं, म्हणून ठरलेला वार पाकिटावर लिहा.

सर्वांत जास्त धास्ती मला इन्सुलिनची वाटते. आपल्याकडे 40 आणि 100 अशा दोन्ही ताकदींचं इन्सुलिन मिळतं आणि सिरिंजही वेगळ्या: लाल टोपणाची 40 ची, नारिंगी टोपणाची 100 ची. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात 20 नव्हे, 50 युनिट जातात. बाटलीवरचा आकडा दरवेळी मोठ्याने वाचा.

आणि उपास! महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा असते, त्या दिवशी कित्येक आज्या जेवत नाहीत. मधुमेहाचं ग्लिमेपिराइड नेहमीप्रमाणे दिलं आणि पोटात नुसता चहा असला, तर अकराच्या सुमारास दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू होतं. उपासाच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारा. त्रास सुरू झालाच आणि आजी शुद्धीवर असतील, गिळू शकत असतील, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.