पाळीव जनावरांवरील पिसवा व त्यांचा घरगुती बंदोबस्त

भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशी (ता. दापोली, जि. रत्नागिरी) या गावी नारळी-पोफळीच्या वाड्या दाट आहेत. वाडीतील जमीन रेताड व सावलीची, हवा दमट आणि थंडी सौम्य. बागायतीस पोषक असलेली हीच परिस्थिती पिसवांच्या वाढीसही अनुकूल ठरते. राखणीचा कुत्रा, घरचे मांजर व पडवीतील शेळ्या यांना त्यांचा उपद्रव होतो. मोठे जनावर तो सोसते. परंतु करडू किंवा कुत्र्याचे लहान पिल्लू रक्तक्षयाने दगावू शकते. म्हणून या किडीकडे दुर्लक्ष करणे हितावह नाही.

पिसूचा जीवनक्रम

कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण संख्येचा अल्प भाग होय. मादी रक्त शोषून दररोज साधारणतः २० ते ४० अंडी घालते. ती केसांना चिकटून न राहता, जनावर जेथे बसते तेथे गळून पडतात. दोन ते पाच दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. या अळ्या उजेड टाळतात, जमिनीच्या भेगांत व गोणपाटाखाली राहतात आणि पिसवांच्या वाळलेल्या रक्तमिश्रित विष्ठेवर वाढतात. पुढे त्या कोश करतात. दमट व उष्ण हवेत हा क्रम सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो. मात्र कोशातील पिसू कित्येक महिनेही दबून राहू शकते व जनावराची चाहूल लागताच बाहेर पडते. म्हणूनच केवळ कुत्र्यास धुतल्याने पिसवा जात नाहीत. खरा बंदोबस्त त्याच्या बसण्याच्या जागेचा करावा लागतो.

परीक्षा

पांढरे ओले फडके अंथरून त्यावर जनावराचे केस विंचरावेत. पडलेले काळे कण भोवती तांबूस डाग सोडू लागले, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. मातीच्या कणांचा असा डाग पडत नाही.

जागेची स्वच्छता

१. जुना पेंढा जाळून टाकावा. गोणपाट व फडकी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. हे काम आठवड्यातून एकदा करावे.

२. पडवी, ओटा व गोठ्याचे कोपरे रोज झाडून केर दूर टाकावा. भेगा मातीने लिंपून मग जमीन सारवावी.

३. घराभोवतीच्या सावलीच्या जागेतील पालापाचोळा हलवून तेथे ऊन येऊ द्यावे.

४. रात्री दिव्याखाली पसरट ताटात साबणाचे पाणी ठेवावे. उजेडाकडे आलेल्या पिसवा त्यात पडतात व उपद्रव किती उरला हे कळते.

कित्येक ठिकाणी जमिनीवर मीठ पसरण्याचा सल्ला दिला जातो. किनाऱ्यावरील दमट हवेत मीठ पाणी धरते; त्यामुळे येथे त्याचा भरवसा धरू नये.

जनावराची निगा

कुत्र्यास कोमट पाण्याने व सौम्य साबणाने आंघोळ घालावी. प्रथम मानेभोवती फेसाचे कडे करावे, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत. फेस पाच ते दहा मिनिटे ठेवून अंग धुवावे व कोरडे करावे. त्यानंतर बारीक दातांच्या फणीने विंचरून, फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवावी. मांजरास फणीच पुरेशी मानावी. कडुनिंबाचा पाला किंवा खाडीकाठी मिळणारे करंजाचे तेल यांनी पिसवा काही अंशी दूर राहतात. तथापि ते साहाय्यक उपाय आहेत, त्यांनी उपद्रव मुळातून जात नाही. कुत्र्यावर तेल वापरायचेच तर दोन-चार थेंब खोबरेल तेलात मिसळून प्रथम थोड्याच जागी लावून पाहावे. मांजरास ते लावू नये.

वर्ज्य उपाय

रॉकेल, फिनेल, कापूर, तंबाखूचे पाणी व शेतीवरील कीटकनाशके जनावराच्या अंगास कदापि लावू नयेत. मांजर अंग चाटते, त्यामुळे औषध सरळ त्याच्या पोटात जाते. कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास प्राणघातक ठरते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. लसूण किंवा कांदा खाऊ घालणेही अपायकारक आहे.

मनुष्यास धोका

कुत्र्या-मांजरांतील एका पट्टकृमीचा प्रसार पिसवांमार्फत होतो. खेळताना मुलाच्या पोटात पिसू गेल्यास त्यासही हा कृमी होतो. मुलाच्या विष्ठेत काकडीच्या बियांसारखे तुकडे दिसल्यास त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवितात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी १८९६ पासून मुंबईत त्या रोगाचा कहर सुरू झाला होता. यास्तव घरात उंदीर मरू लागल्यास आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

पिल्लाच्या हिरड्या फिक्या पडल्या, ते मलूल झाले किंवा त्वचेवर जखमा झाल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. इतर वेळी ग्रामसेवकांनी ओल्या फडक्याची परीक्षा गावात करून दाखवावी आणि घरातील सर्व जनावरांची व जागेची स्वच्छता एकाच दिवशी सुरू करण्यास सांगावे. कोशांतून नव्या पिसवा निघत राहतात; म्हणून हा क्रम निदान दोन-तीन महिने न चुकता चालवावा.