दोष नको, आधार द्या



व्यसनमुक्तीचे कार्य आपण नेहमीच करतो. गरोदरपणातील मद्यामुळे ज्याच्या मेंदूवर जन्माआधीच परिणाम झाला, त्या मुलाचा आणि त्याच्या कुटुंबाचा विचार आज करूया.

समजून घेऊया

आईच्या रक्तातील मद्य वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळाचे यकृत ते नीट पचवू शकत नाही. मेंदू नऊही महिने घडत असतो, म्हणून गरोदरपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. यातून होणाऱ्या आजीवन त्रासांना ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ म्हणतात. पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. मात्र सांगितलेले लक्षात राहत नाही, हिशोब जमत नाही, परिणामाचा अंदाज येत नाही, राग आवरत नाही. लोक मुलाला हट्टी म्हणतात. खरे तर त्याला ऐकायचे नसते असे नाही, त्याला ते जमत नसते.

आईला दोष देऊ नका

गर्भसंस्कारांवर आपली श्रद्धा आहे. पण त्या श्रद्धेचे रूपांतर आईवरील आरोपात होऊ नये. अनेकींना गर्भ राहिल्याचे सुरुवातीचे काही आठवडे कळतच नाही. कोणाच्या मागे घरातील मारहाण असते, तर कोणाला व्यसनाचा आजार असतो. दोषाच्या भीतीने आई डॉक्टरांना खरे सांगत नाही आणि मुलाची मदत लांबते. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूविरुद्ध सांगितले आणि गोरगरिबांसाठी धर्मशाळाही उभ्या केल्या. उपदेशाला सेवेची जोड हवी.

आपण काय करू शकतो?

१. एका वेळी एकच, छोटी सूचना द्या. शक्य तर करून दाखवा.
२. उठणे, जेवण, झोप रोज त्याच क्रमाने ठेवा. भिंतीवर चित्रे लावा.
३. शिक्षेने आठवण वाढत नाही. मूल चिडले तर शांत जागी न्या, मग बोला.
४. सत्संगात त्याला दाराजवळ बसू द्या. पाणी वाटण्याची सेवा द्या आणि कौतुक करा.
५. आठवड्यातून दोन तास मुलाला सांभाळा, म्हणजे आई-वडिलांना विसावा मिळेल.

मदत कोठे मिळेल?

मुलाच्या वाढीबद्दल शंका असल्यास बालरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी करून घ्या. लवकर मदत मिळाली तर मूल बरेच शिकते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत या विकाराचे नाव नाही. परंतु तपासणीत बौद्धिक अक्षमता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता आढळली, तर त्या आधारे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

व्यसनाच्या उपचारासाठी दिल्ली परिसरातील साधकांना गाझियाबाद येथील एम्सचे राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्र जवळ आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. रोज पिणाऱ्या गरोदर भगिनीला एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.

आत्मचिंतन

- माझ्या परिचयातील कोणत्या मुलाला मी ‘वाया गेलेला’ म्हटले?
- माझ्या एखाद्या शब्दामुळे कोणती आई सत्संगाला येणे टाळत असेल?

या आठवड्याचा संकल्प

अशा एका कुटुंबाच्या घरी मी जाईन. उपदेश करणार नाही. ‘मी काय करू?’ एवढेच विचारीन आणि ते सांगतील ते करीन.